सातवे घर

मध्यमवर्गीय माणसाच्या जन्मपत्रिकेत तीन संशोधने लिहिलेलीच असतात. मुलाला शाळा शोधणे, मुलीला स्थळ शोधणे आणि स्वतःला जागा शोधणे. ही तिन्ही पार पडली की माणूस हुश्श म्हणतो आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. माझी तिन्ही पार पडली होती. मुलाची शाळा केव्हाच संपली होती; मुलीने स्वतःचे स्थळ स्वतःच शोधून आईबापांचे जोडे वाचवले होते; आणि डोंबिवलीच्या जागेचे हप्ते फिटूनही बरीच वर्षे झाली होती. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मीही गॅलरीत खुर्ची टाकली होती. पण माझ्या पत्रिकेत चौथेही एक संशोधन होते, ते मात्र कोणा ज्योतिष्याला दिसले नव्हते. गेल्या वर्षी भाद्रपदापासून आश्विनापर्यंत मी एका मांजरीला घर शोधत हिंडले.

हे ऐकून आमच्या थोरल्या जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "अगं, मांजराला कुणी घर शोधून देतं का? मांजर आपलं घर आपणच शोधतं!"

त्यांचे म्हणणे त्यांच्या काळापुरते अगदी खरे होते. माझ्या माहेरी, साताऱ्याच्या वाड्यात, मनी कोणी आणली हे मला आठवत नाही. ती असे. माळ्यावर धान्याची पोती असत, पोत्यांमागे उंदीर असत आणि उंदरांमागे मनी असे. दूधदुभते शिंक्यावर टांगलेले असे, तेही तिच्याच धाकाने. वाड्याचा दिंडीदरवाजा दिवसभर सताड उघडा. पिल्ले झाली की ती त्यांना तोंडात धरून माळ्यावरून कोठीत आणि कोठीतून शेजारच्या गोठ्यात हलवी. मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते, असे आजी सांगत असे. मनी कोणाची, हा प्रश्न वाड्यात कोणी विचारला नाही आणि तिला खायला कोणी घालायचे, हाही नाही.

आता आपण फ्लॅटात राहतो. आतल्या दाराला लॅच आणि त्याबाहेर लोखंडी जाळीचे दुसरे दार. धान्य किलोकिलोच्या पिशव्यांतून येते, दूध फ्रीजमध्ये जाते आणि उंदीर सापडला तर औषधवाल्याला फोन होतो. मांजरीची नोकरी गेली आणि पाठोपाठ दारही बंद झाले. ती जिन्याखाली, मोटारीखाली, कचराकुंडीमागे राहू लागली. पण तिचा संसार काही थांबला नाही. सुमारे नऊ आठवड्यांत तिचे दिवस भरतात आणि वर्षातून दोनतीनदा तिची वीण होते. ह्या पिल्लांतली जगली-वाचली ती कोणाच्या तरी पदरात येतात. आणि असे पदर शहरात थोडेच असतात.

मुंबईला मुक्या जनावरांच्या निवाऱ्याची परंपरा तशी जुनी. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून कोटातल्या पारशी मंडळींनी मोठा दंगा केला, आणि १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकाराने भुलेश्वरकडचा पांजरपोळ उभा राहिला. पुढे १८७४ साली प्राण्यांवरची क्रूरता थांबवण्यासाठी मुंबईत संस्था निघाली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे हॉस्पिटल तिचेच. ही मोठ्या माणसांची मोठी कामे झाली. मांजरीच्या वाट्याला मात्र बहुधा आमच्या ताईंसारखी माणसे येतात. ताई म्हणजे निवृत्त परिचारिका. कल्याणच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या, मागे जाळी लावलेली पत्र्याची शेड, आणि त्यांत तेवीस मांजरे. मी मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे जाऊन वाळूचे ट्रे धुवायची, पाणी बदलायची, केस विंचरायची.

"मग तुम्हीच का नाही नेलीत?" असे पुष्कळांनी विचारले. आमच्या घरी ह्यांना दमा आहे. मांजराच्या केसांनी दमा उसळतो असे आपण म्हणतो. खरे तर त्याच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत एक प्रथिन असते. मांजर दिवसभर अंग चाटते, ते केसांवर वाळते आणि घरभर उडते. निवाऱ्यातून आल्यावर मी सरळ न्हाणीघरात जात असे, आणि कपडे बादलीत बुडेपर्यंत हे दाराआडून, "आली का तुझी सासरची मंडळी?" म्हणून विचारत असत.

गेल्या वर्षी श्रावण सरता सरता जागामालकाने ताईंना सांगितले, की जागा बिल्डरला दिली आहे, दिवाळीच्या आत मोकळी करा. ताईंनी एकदाच डोळे पुसले आणि तेवीस चिठ्ठ्या केल्या. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीच्या हाती एकेक दोनदोन मांजरे आली. माझ्या चिठ्ठीवर नाव होते कडबोळी.

कडबोळी साधारण पाच वर्षांची. तीन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या रात्री एका मोटारीखाली सापडलेली. डावा डोळा गेलेला. तो फटाक्याने गेला की दुसऱ्या मांजराच्या नखाने, हे तिने कोणाला सांगितलेले नाही. एका कानाचे टोक कापलेले. तो अपघात नव्हे. मूल न होण्याची शस्त्रक्रिया झाल्याची ती डॉक्टरांची खूण असते. रंग काळा आणि भगवा, एकात एक मिसळलेला. तळणीत जरा जास्त राहिलेल्या कडबोळ्यासारखा, म्हणून हे नाव. असा रंग बहुधा मादीच्याच अंगावर येतो. तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी शरीरात कुठे एक गप्प बसते, कुठे दुसरे, आणि त्यामुळे अशी चित्रविचित्र कातडी होते, हे मेरी लायन ह्या इंग्रज विदुषीने १९६१ साली मांडले. मी हे घरी सांगितल्यावर ह्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि म्हणाले, "म्हणजे रंगावरूनच कळतं म्हणायचं. मग स्थळ शोधायला कठीणच."

कठीण होतेच; आणि त्याचे खरे कारण तिच्या वहीत होते. ताई प्रत्येक मांजराची एक पान नोंद ठेवत. कडबोळीच्या पानावर लिहिले होते: 'दोनदा दिली. दोनदा परत.' पहिल्या घरी मालकांची बदली झाली, दुसऱ्या घरी नवा सोफा आला. दुसऱ्यांदा परत आल्यावर तिने चार दिवस अन्नाला तोंड लावले नाही. मांजराने काही दिवस खाणे टाकले की त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ते दगावू शकते. ताईंनी तिला पिचकारीने पातळ खाणे भरवून वाचवले होते. घर न मिळालेल्या मांजरांसाठी लांबच्या एका मोठ्या निवाऱ्यात सोय होती, पण तिथे एका खोलीत तीस तीस मांजरे. दोन मांजरे जवळ आली तरी कडबोळी ताटलीपासून उठून जाई. तीस मांजरांत ती काय खाणार होती?

"मासळीबाजारात सोडा की! चैन होईल तिची," असा सल्ला मला निदान पाच जणांनी दिला. मासळीबाजारातल्या मांजरांची हद्द ठरलेली असते. परकी, एका डोळ्याची मांजर तिथे दोन दिवस टिकणार नाही. शिवाय उपाशी मरेल अशा रीतीने जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये लिहिलेला आहे. एवढ्यात आज दोघांचा चहासुद्धा धड होत नाही, पण गुन्हा तो गुन्हाच.

तर मी पिशवीत कडबोळीचे फोटो आणि लसीचे कार्ड घेऊन निघाले.

पहिले घर बाविसाव्या मजल्यावर होते. नवे जोडपे, दोघेही नोकरीत, बोलायला गोड. फोटो पाहून त्यांनी एकमेकांकडे पाहिले. "मावशी, ह्याच्यात दुसरा रंग नाही का?" मुलीने विचारले. त्यांना पांढरे, लांब केसांचे आणि लहान पिल्लू हवे होते. त्यांचा राग आला नाही. पिल्लू सगळ्यांनाच हवे असते. पाच वर्षांच्या मांजरीचा स्वभाव ठरलेला असतो, ती काय फोडील आणि काय फोडणार नाही हे आधी सांगता येते, हा तिचा केवढा मोठा गुण आहे, हे मी सांगून पाहिले. पण सूनही लोकांना अल्लडच हवी असते, समंजस नको असते.

दुसरे घर अस्सल जुन्या वळणाचे. ओसरीवर झोपाळा, झोपाळ्यावर आजी. आजींनी फोटो हातात घेऊन त्यावरूनच हात फिरवला. "येऊ दे हो. देवाचा जीव आहे. दूधभात खाईल, पडून राहील." मी म्हटले, "आजी, तिला मांस-मासळी लागते." आजींचा हात थांबला. मग मी सांगितले, की टॉरिन नावाचे एक द्रव्य असते, ते मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही; ते मांसातून आणि मासळीतूनच मिळते किंवा तयार खाण्यात मिसळावे लागते. ते न मिळाल्यास मांजर आंधळे होते, हे १९७५ साली सिद्ध झाले, आणि हृदयही निकामी होते, हे १९८७ साली. आणि दूध म्हणाल तर मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना ते पचतच नाही.

"मग आमच्या वाड्यातली मांजर जन्मभर दूधभातावर कशी जगली?"

"आजी, दूधभात ती तुमच्या देखत खायची. उंदीर तुमच्या मागे."

आजी खळखळून हसल्या. पण मग फोटो परत देत म्हणाल्या, "माझ्या घरात मासळी यायची नाही, बाई. आणि तिचा उरला डोळा माझ्यामुळे जायला नको." असा स्वच्छ नकार मला त्या दोन महिन्यांत दुसरा मिळाला नाही. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

तिसऱ्या घरी होकार तयार होता. घर कसले, किराणा मालाचे गोदाम. मालक म्हणाले, "आजच पाठवा! उंदरांनी उच्छाद मांडलाय." कडबोळीला नोकरीच मिळत होती म्हणा ना, अगदी माझ्या माहेरच्या मनीसारखी. पण निघता निघता कोपऱ्यात निळ्या वड्या दिसल्या. उंदराचे विष. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर ते विष मांजरालाही बाधते. "वड्या बंद कराल का?" विचारले, तर ते म्हणाले, "दोन्ही असू द्या, बाई. डबल बंदोबस्त." मी नमस्कार करून बाहेर पडले.

चौथ्या घरची माणसे फार चांगली. पण मुलगी बाळंतपणाला यायची होती. मांजराच्या विष्ठेतून एक जंतू पसरू शकतो आणि तो गरोदर स्त्रीला नडतो, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते. ते खरेच आहे. ट्रे दुसऱ्याने रोजच्या रोज साफ केला, तर धोका पुष्कळ कमी होतो, आणि तोच जंतू कच्च्या मांसातून किंवा न धुतलेल्या भाजीतूनही येतो, हेही तितकेच खरे. पण पोटुशी मुलगी घरात असताना आईच्या मनाला युक्तिवाद पटवू नये. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते, त्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे, हे मला जिना उतरताना आठवले. मी परत वर गेले नाही.

पाचव्या घरी मुलीचा वाढदिवस होता. तिला 'सरप्राइज' द्यायचे होते. आईने सगळे नीट ऐकून घेतले, डोळ्याबद्दल हळहळ केली, कानाबद्दल विचारले आणि मग सहज म्हणाली, "आम्हाला नाही आवडली तर परत करता येते ना?"

प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. हल्ली साडीपासून सोफ्यापर्यंत सगळे परत करता येते. पण माझ्या डोळ्यांपुढे वहीतले ते पान आले. मी म्हटले, "येते. मांजर तशी तक्रार करत नाही." आणि चहा घेऊन निघाले.

सहावे घर एका दयाळू गृहस्थांचे. त्यांच्याकडे कोणाला नाही म्हणण्याची रीतच नव्हती. एका खोलीत अकरा मांजरे होती. पलंगावर, कपाटावर, देवघराखाली. दोघांना सर्दी, एकाच्या कानात खरूज. खोलीभर उग्र वास. "बारावी जड नाही हो!" ते म्हणाले. त्यांची बिछान्याची चादर फाटलेली होती आणि ताटल्या मात्र स्वच्छ होत्या. मला त्यांच्याकडे पाहून भडभडून आले. त्या दिवशी तिथे मांजर न ठेवता मी ताईंना फोन केला, आणि पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरांना घेऊन तिकडे जाऊन आल्या. दयेलाही कोणीतरी अधूनमधून हिशेब विचारावा लागतो.

नवरात्र संपले. बावीस चिठ्ठ्या निकाली निघाल्या होत्या. माझी एकच उरली होती, आणि जागेचा ताबा द्यायला तीन आठवडे राहिले होते.

अशात फडके रोडवर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. मूळची मालवणची, आता बँकेत नोकरीला, दोन मुलांची आई. माझी पिशवी बघून तिने विचारले आणि मी सगळे सांगितले. "बाई, आमच्याकडे दिवसभर कोणीच नसतं," ती म्हणाली, "पण आमच्या समोरच्या काकूंना विचारून बघा. एकट्या आहेत. मात्र त्या लगेच हो म्हणणार नाहीत."

काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पोस्टात चौतीस वर्षे नोकरी. मुलगा बंगळुरूला. त्यांनी मला बसवले, पाणी दिले, फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "मला आठ दिवस द्या." आठ दिवसांनी गेले तेव्हा कालनिर्णयाच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर, सुवाच्य अक्षरात, सतरा प्रश्न लिहून तयार होते.

घरात मासळी शिजत नाही, तर कोरडे तयार खाणे पुरेल का? (पुरेल, त्यात टॉरिन घातलेले असते. पाणी मात्र भरपूर हवे.) शेजारून मासा आला तर चालेल का? (उकडलेला, काटे काढलेला, मीठ-मसाला नसलेला. कांदा-लसूण तर मुळीच नको. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.) एका डोळ्याने तिला खिडकीच्या उंचीचा अंदाज येईल का? (जाळी लावून घ्या.) फटाके वाजतील तेव्हा काय करायचे? वर्षाला लशीचा खर्च किती? माझी पोथी चालू असताना ती मध्ये आली तर? सेक्रेटरी हरकत घेतील, त्यांना काय सांगायचे? ह्या शेवटच्या प्रश्नासाठी मी एक कागद छापूनच नेला होता. प्राणी पाळायला सोसायटीने सरसकट बंदी करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलेले आहे. काकूंनी कागद नीट वाचला. "ह्याच्यावर मी अर्ज लिहीन आणि पोच घेईन," त्या म्हणाल्या. चौतीस वर्षांचे पोस्ट बोलत होते.

सोळावा प्रश्न त्यांनी वाचला नाही, तोंडीच विचारला. "ही किती वर्षं जगेल?"

"घरात राहणारं मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं, काकू. कधी जास्तही."

"म्हणजे आणखी आठ-दहा. आणि मी?" त्यांनी कागदाची घडी घातली. "मग नको, बाई. दोनदा परत आलेली आहे ती. तिसऱ्यांदा मी मेल्यामुळे परत यायची."

मला उत्तर सुचले नाही. दारापर्यंत आल्यावर मी विचारले, "काकू, सतरावा प्रश्न राहिला."

"तो आता कशाला?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "तिला मी आवडले नाही तर, असं लिहिलं होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा घरांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत मला विचारला गेला होता: ही आम्हाला चालेल का? आपण तिला चालू का, असे विचारणारे घर मला सातव्या ठिकाणी सापडले, आणि त्याच घराने नाही म्हटले होते. पत्रिकेत सातवे घर लग्नाचे असते म्हणतात. माझ्या कडबोळीच्या सातव्या घरात शनी बसला होता.

वसुबारसेला चार दिवस उरले असताना संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. ती माझी विद्यार्थिनी, तिचा नवरा आणि दोन्ही मुले. तिने माझ्या हातात कालनिर्णयाचे तेच पान ठेवले. सोळाव्या प्रश्नाखाली मोकळ्या जागेत लिहिले होते: 'काकूंच्या नंतर कडबोळी आमची. त्याआधी काकू गावाला किंवा दवाखान्यात गेल्या, तर तेवढे दिवसही आमचीच.' खाली नवराबायकोच्या सह्या, आणि रंगीत खडूने मुलांच्याही. "काकूंनी आम्हाला काही सांगितलं नव्हतं, बाई," तो म्हणाला. "हिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे कळलं. आम्ही दोघांनी दोन रात्री विचार केला. मगच लिहिलं." माझ्या विद्यार्थिनीने गणितात कधी पन्नासच्या वर गुण मिळवले नव्हते. त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले.

वसुबारसेला, घरोघर गाय-वासराची पूजा चाललेली असताना, कडबोळी टोपलीत बसून रिक्षाने सातव्या घरी गेली. ताई बरोबर होत्या. त्यांनी तिच्या अंगाखालचा जुना टॉवेल न धुता तसाच दिला, ओळखीचा वास राहावा म्हणून. काकूंना एवढेच सांगितले, की पहिले काही दिवस तिला एकच खोली द्या, ओढून बाहेर काढू नका, टक लावून पाहू नका. कडबोळी टोपलीतून निघाली ती थेट पलंगाखाली. दिवाळीचे चारही दिवस ती तिथेच होती. काकूंनी खिडक्या लावून घेतल्या, पलंगाच्या कडेने जाड चादरी सोडल्या, आणि फटाके सुरू झाले की पलंगाशेजारी पाट टाकून पोथी मोठ्याने वाचायला लागायच्या. ताटली रात्री ठेवायची, सकाळी ती रिकामी असायची. रोज सकाळी सात वाजता मला फोन यायचा: "खाल्लं." एवढाच शब्द. तारखात्याची सवय.

मी त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली असे दाखवून दिले, की माणसाने मांजराकडे पाहत डोळे बारीक करून हळूच मिटले, तर मांजरही तसेच करते आणि त्या माणसाच्या जवळ यायला जास्त राजी होते. मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपण त्याला लबाड ठरवण्यासाठी वापरतो. जिथे भय आहे तिथे मांजर डोळा मिटत नाही, एवढाच खरा अर्थ. काकू म्हणाल्या, "मला दोन डोळे मिटायचे, तिला एकच. माझंच काम जास्त."

दिवाळी उलटल्यावर ताईंच्या शेडचे पत्रे उतरले. त्या जागी आता इमारतीचे खांब उभे राहिले आहेत. ताईंनी भावाच्या घरामागे एक लहानशी जागा मिळवली आहे, आणि तिथे सध्या सहा मांजरे आहेत. म्हणजे पुन्हा चिठ्ठ्या आल्याच. वाचकहो, ह्या दिवाळीत फराळाच्या वेळी एखादी बाई फोटो घेऊन तुमच्या दारात उभी राहिली, तर तिला लगेच हो म्हणू नका. तिला बसवा, चकली द्या, आणि विचारा. खर्च विचारा, खाणे विचारा, गावाला गेल्यावर काय ते विचारा, आणि किती वर्षांचा करार आहे, तेही विचारा. ती कंटाळणार नाही. सतरा प्रश्न विचारले तर ती आनंदाने पुन्हा येईल.

कालनिर्णयाचे ते पान काकूंनी फ्रीजच्या दारावर लावले आहे. एकेका प्रश्नाचा निकाल लागेल तशी त्या पुढे तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण करत गेल्या. सेक्रेटरींच्या प्रश्नापुढे तर खूण आणि पोचेची तारीखसुद्धा आहे. मार्गशीर्षात मी गेले, तेव्हा सतराव्या प्रश्नापुढेही खूण दिसली.

"ही कधी केलीत?" मी विचारले.

"गुरुवारी," काकू म्हणाल्या. "पोथी उघडली होती, तर ती आली आणि पानावर बसून झोपलीच. दोन तास."

"मग?"

"मग काय? अध्याय राहिला त्या दिवशीचा."